दुसऱ्याचे मन मुलाला केव्हा कळते?

आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसेल, ही समज मुलाला जन्मतः नसते. ती हळूहळू येते.

१९८३ साली विमर आणि पेर्नर या संशोधकांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी कोठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा चॉकलेट खरोखर असते तेच कपाट दाखवतात. चार-पाच वर्षांची बरीच मुले म्हणतात, "पहिल्या कपाटात, त्याला कुठे माहीत आहे?"

मग जंगलात वाढणाऱ्या मुलांचे काय? कॅमेरूनमधील बाका आदिवासी मुलांविषयी एव्हिस आणि हॅरिस यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. तेथे कपाट नव्हते की चॉकलेट. बाका माणसांनीच, मुलांच्या वस्तीत, रानआंब्याच्या बियांचा खेळ मांडला. एकजण बिया भांड्यात ठेवून बाहेर गेला आणि मुलाने त्या दुसरीकडे लपवल्या. गेलेला माणूस कोठे शोधेल, हे पाच वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांनी अचूक सांगितले.

पाड्यावरून वसतिगृहात आलेले मूल प्रश्न ऐकून गप्प राहिले, तर त्याला मंद ठरवण्याची घाई करू नये. तोच प्रश्न त्याच्या घरच्या बोलीत, त्याच्या ओळखीच्या वस्तू घेऊन विचारून पाहावा. त्याच्या मनात काय आहे, हे समजून घेणे आपल्यालाही शिकावे लागते.