एकच चार्जर सगळ्यांना का चालत नाही?

कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधल्या विठ्ठलवाडीतील एखाद्या घरात शोध घेतला, तर पुन्हा भारित करता येणाऱ्या विद्युतघटांच्या तीन जाती सापडू शकतील. दाढीच्या जुन्या यंत्रात निकेल-कॅडमियम, कॅमेऱ्यात निकेल-धातू-हायड्राइड आणि मोबाइलमध्ये लिथियम-आयन. काम एकच, मग जाती इतक्या का? आणि सगळ्यांना एकच चार्जर का चालत नाही? आपण क्रमाने पाहू.

निकेल-कॅडमियम घट स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली तयार केला. त्याचा दाब १.२ व्होल्ट. घट दणकट, पण कॅडमियम विषारी असून मूत्रपिंडांना व हाडांना अपाय करते. १९८९च्या सुमारास बाजारात आलेल्या हायड्राइड घटात कॅडमियमच्या जागी हायड्रोजन शोषणारा मिश्रधातू आला. दाब तोच राहिला, ऊर्जेचा साठा वाढला.

या दोन्ही घटांतील द्रावण पाण्यातले असते. लिथियम पाण्याशी जोराने अभिक्रिया करते, म्हणून त्याच्या घटात सेंद्रिय द्रावक वापरावा लागतो. त्याचा मोबदलाही मोठा मिळतो: दाब सुमारे ३.६ व्होल्ट, म्हणजे निकेलच्या तीन घटांइतका. शिवाय लिथियम हा सर्वांत हलका धातू. हा घट १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणला. त्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र हा द्रावक ज्वालाग्राही आहे. नेहमीच्या लिथियम-आयन घटाचे भारण ४.२ व्होल्टला थांबवावेच लागते. त्यापुढे गेल्यास ग्राफाइटवर लिथियम धातूचा थर साचतो, घट तापतो आणि पेट घेऊ शकतो. निकेल घटांचा साधा चार्जर ही मर्यादा पाळत नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. फुगलेला घट तर पुन्हा भारित करू नये आणि टोचूही नये.

स्पर्धा अजून संपलेली नाही. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर, पुणे या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्र डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केले. सोडियम मुबलक आहे, पण जड असल्याने खिशातल्या उपकरणात लिथियमला हटवणे त्याला अवघड जाईल.

शिक्षकांना आम्ही एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांना घरातील घटांवरची जात व व्होल्ट वाचून तक्ता करू द्यावा. निकामी घट कचऱ्यात न टाकता वेगळे ठेवावेत. २०२२च्या नियमांनुसार ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.