गिझर साध्या सॉकेटला लावताय? आधी हा भागाकार करा

थंडी सुरू झाली की अनेक घरांत गिझरची मोठी पिन ॲडॉप्टर लावून साध्या सॉकेटमध्ये घातली जाते. पाणी तापतं, पण सोबत प्लगही तापतो. असं का होतं?

गिझरवरचं लेबल पाहा. समजा त्यावर २००० वॅट, २३० व्होल्ट लिहिलंय.

करंट किती? पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. म्हणून २००० ÷ २३० = सुमारे ८.७ अँपिअर. साधं सॉकेट मात्र ६ अँपिअरचं असतं. म्हणजे करंट जवळपास दीडपट!

रेझिस्टन्स किती? व्होल्टेज भागिले करंट, हा ओहमचा नियम. २३० ÷ ८.७ = सुमारे २६ ओहम. हा गिझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स; तिथे उष्णता हवीच असते.

मग धोका कुठे? सॉकेटमधल्या लूज कॉन्टॅक्टलाही थोडा रेझिस्टन्स असतो. तिथली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दीडपट झाला, तर उष्णता दुपटीहून जास्त! त्यातूनच प्लास्टिक वितळतं, प्रसंगी आगही लागते.

काय कराल? गिझरसाठी १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला पुरेल अशी जाड वायर घ्या. प्लग गरम लागला किंवा जळका वास आला, तर आधी मेन स्विच बंद करा, मग वायरमनला बोलवा.