घाटातले वळण आणि यामिकीचे दुसरे वर्ष

खंडाळा म्हटले की पुष्कळांना मुंबईच्या वाटेवरचे थंड हवेचे ठिकाण आठवते. आम्ही म्हणतो ते खंडाळा सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे. येथून वाईला वा साताऱ्याला बी. एस्सी. शिकायला जायचे म्हणजे सकाळी एस. टी.ने घाट चढायचा. परतीची वाट बोगदा झाल्यापासून त्यातून होती, आणि बोगद्याच्या अलीकडे उतारावर इंग्रजी ‘एस्’सारखे वळण. त्या वळणाने कितीतरी माणसे घेतली. पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला जी यामिकी लागते, तिचा निम्मा भाग या वाटेवर भेटतो, असे आमचे मत आहे.

वळणावर आपला खांदा खिडकीवर आदळतो. विद्यार्थी म्हणतो, मला बाहेर कोणी ढकलले. पुस्तक म्हणते, असे बल नाहीच. आम्ही शिकवू लागलो तेव्हा ‘केंद्रोत्सारी बल खोटे’ एवढे सांगून मोकळे होत असू. ते चुकलेच. खांदा दुखलेल्या माणसाला खोटे म्हणून भागत नाही. रस्त्याकडेला उभा असलेला मनुष्य पाहतो की आपले शरीर सरळ चालले आहे, वळते आहे ती गाडी. म्हणून खिडकी खांद्याला आत ढकलते. गाडीतल्याला मात्र गाडी स्थिर धरूनच हिशेब मांडायचा आहे. त्याने न्यूटनचे नियम वापरावयाचे ठरवले, तर एक जादा बल धरावेच लागते. हिशेब दोन, उत्तर एक.

आता चालकापुढे टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे पाहा. वळणाची त्रिज्या १०० मीटर, रस्ता आडवा सपाट आणि वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर लिंबू बाहेरच्या बाजूला सुमारे १६ अंश कलते. वेग ९० केला की लागणारे आडवे बल दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढते. उंच माल भरलेल्या ट्रकचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून २ मीटरवर आणि चाकांतले अंतर २ मीटर असेल, तर लिंबू २७ अंशांपाशी पोचले की ट्रक उलटण्याच्या बेतात येतो. हा वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर. यात ट्रकच्या वजनाचा संबंध नाही, माल किती उंच रचला त्याचा आहे. उतारावर ब्रेक तापतात ते निराळेच. २० टनांचा ट्रक १०० मीटर खाली आला की सुमारे २ कोटी जूल ऊर्जा सुटते. तेवढ्यात ६५ लिटर पाणी उकळीला यावे!

पहिल्या वर्षी ही सारी बले बाण काढून मांडतात. दुसऱ्या वर्षी लाग्रांज भेटतो आणि मुले बिचकतात. त्याचा ‘मेकानिक् आनालितिक्’ हा ग्रंथ १७८८ साली निघाला. त्यात एकही आकृती नाही. त्याची युक्ती अशी: गाडी रस्त्याला बांधलेली आहे, मग तिची जागा सांगायला तीन अंक कशाला? बोगद्यापासूनचे अंतर हा एकच अंक पुरे. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची, तिच्यावरून समीकरण काढायचे. रस्त्याचा आडवा दाब गतीला काटकोनात असल्याने कार्य करीत नाही, म्हणून तो हिशेबातून गळतो. विद्यार्थी हरखतो, कारण दोन पानांचे गणित चार ओळींत येते.

पण जरा थांबावे. वळणावर जीव ज्यावर टांगलेला आहे तो हाच आडवा दाब! गाडी रस्त्यावर राहीलच असे आपण आधीच धरून चाललो. राहील की नाही, हे हे समीकरण सांगत नाही. ते जाणायचे तर बंधन पुन्हा मोकळे करून लाग्रांजचेच गुणक वापरावे लागतात. हे प्रकरण बहुधा सत्राच्या शेवटी येते आणि परीक्षा जवळ आल्याने घाईत उरकले जाते. आमच्या मते ते आधी शिकवावे, आणि या वळणावरच शिकवावे.

गाडीत बसून जो हिशेब केला तोच पृथ्वीवर बसूनही करता येतो, कारण तीही फिरतेच आहे. फुको याने १८५१ साली पॅरिसमध्ये लंबक टांगून हे लोकांना दाखवले. पॅरिसला लंबकाच्या झोक्याची दिशा सुमारे ३२ तासांत पुरी फिरते. खंडाळा १८ अक्षांशावर. येथे तिला सव्वातीन दिवस लागतील. उंच छताच्या मंदिरात लांब तारेला जड गोळा टांगून, वारा लागू न देता, अलगद सोडावा. तीन तासांनी झोका घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे १४ अंश सरकलेला दिसेल.