क्वार्टरच्या भिंतीवरील छायाचित्रे

भिलाईत घराला क्वार्टर म्हणतात आणि पत्ता सांगताना गल्लीऐवजी सेक्टरचा क्रमांक सांगतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांचे नगर वसले. विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांना हा मुलूख अगदीच परका नव्हता. १९५६ पर्यंत दुर्ग ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूरच होती.

वाडा, ग्रामदैवत, शेताचा बांध हे सारे मागे ठेवून ही मंडळी आली. क्वार्टर मात्र नोकरीपुरतेच! पुढे काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली हे खरे. तथापि अनेकांना निवृत्तीबरोबर अंगणातील पेरूचे झाडही सोडावे लागले. मग त्या घराची खूण उरते ती अल्बममध्ये.

हे जुने अल्बम चाळताना एक गोष्ट ध्यानी येते. आग्फा क्लिक ३ या लोकप्रिय कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये बाराच छायाचित्रे निघत. साहजिकच ती बारसे, मुंज, लग्न यांसाठी राखून ठेवली जात. पहाटेच्या पाळीसाठी सायकलला डबा अडकवणारे वडील, ओट्याशी उभी आई, दारातील रांगोळी यांच्या वाट्याला क्वचितच एखादे छायाचित्र येई. आज भिलाईतील एखाद्या तरुणाला छायाचित्रकार व्हायचे असेल, तर हे राहून गेलेले टिपण्याची दृष्टी त्याने प्रथम कमवावी. मंडपातील रोषणाई काय, कोणीही टिपतो.

नित्याच्या गोष्टींत नाट्य असते, हे एका मराठी छायाचित्रकाराने शतकापूर्वीच ओळखले होते. दादासाहेब फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रांचा स्टुडिओ चालविला. तेथेच प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले आणि त्यांनी ते गाव सोडले. १९१२ साली विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले व चित्रपटाचा कॅमेरा घेऊन परतले. त्यानंतर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसागणिक टिपली. तो इवलासा चित्रपट पाहून त्यांना पुढील भांडवल मिळाले. तारणाचे कागद तपासण्यात हयात गेलेल्यांनीही या तारणाचे कौतुक करावे!

आजच्या तरुणाला पॉलिसी गहाण टाकण्याची गरज सहसा पडत नाही. एप्रिल २०१५ पासून पंतप्रधान मुद्रा योजनेखाली छोट्या व्यवसायांना तारणाविना कर्ज मिळू लागले. अडचण निराळीच असते. लग्नसराईत हाती येणारा पैसा चातुर्मासात आटतो, हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो. म्हणून सराईतील कमाईतून चार-पाच हप्त्यांची शिल्लक बाजूस ठेवणे इष्ट. कॅमेऱ्याचा विमा आणि प्रत्येक छायाचित्राच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, हा खर्चही आरंभीच हिशेबात धरावा. एखाद्याच्या लग्नाची एकमेव प्रत नष्ट झाली, तर पैसे परत देऊन ती भरून येत नाही.

पावसाळ्यातील रिकामे दिवस जुन्या अल्बमांसाठी उपयोगी पडतील. सत्तरच्या दशकातील रंगीत छायाचित्रे तांबूस पडत चालली आहेत; त्याहून जुनी कृष्णधवल मात्र धातुरूप चांदीच्या कणांमुळे बरीच शाबूत आहेत. चिकट पानांच्या अल्बममधून ती बळजबरीने ओढू नयेत. पानासकट स्कॅन करावीत. हे काम घरातील आजीसमोर बसूनच करावे. निरोपसमारंभाच्या रांगेत डावीकडून चौथे कोण, मुलाला कडेवर घेतलेली शेजारीण कोणत्या प्रांताची, हे तीच सांगू शकते. ती सांगेल तसे नाव, साल आणि सेक्टर छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.