तक्रारदाराची जागा

6 मे 1953 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर 20 वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या बांधून पाय स्थिर केला. तीन दिवसांनी 200 मैलांचा टॅक्सीप्रवास करून त्याला पुण्यातल्या एका शल्यविशारदाकडे आणले. त्याचे वडील स्वतः दौंडला डॉक्टरकी करत. मॉर्फिया दिले होते. पण भूल न देताच तीन मदतनिसांकडून पाय ओढून हाड बसवले आणि प्लास्टर घातले. मुलगा सातपर्यंत गुंगीतून बाहेर येईल, असे ऐकून वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास जड जातोय, खोकला येतोय, हे आईच्या लक्षात आले. रात्री नऊला तो गेला.

आईवडिलांनी 25,000 रुपयांचा दावा लावला. न्यायालयाने 3,000 मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि 1968 साली सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरांचे अपील फेटाळले. रुग्ण हाती घ्यायचा की नाही, उपचार कोणता आणि तो करायचा कसा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरवर काळजीचे बंधन आहे, हे त्या निकालाने सांगितले. आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत त्याचा दाखला दिला जातो.

वडील डॉक्टर असल्यामुळे नेमके काय चुकले, हे त्यांना कळू शकत होते. तरीही शेवटचा निकाल हाती यायला 15 वर्षे लागली. ज्यांच्या घरात डॉक्टर नाही, त्यांनी काय करावे, हा प्रश्न मला हा निकाल वाचताना दर वेळी छळतो.

दिवाणी न्यायालय भरपाई देते. ज्याच्या हातून निष्काळजीपणा घडला त्याने उद्या पुन्हा रुग्ण तपासावा का, हे ठरवणे त्याचे काम नाही. ते काम मेडिकल कौन्सिलचे. मुंबई इलाख्यात त्यासाठी 1912 साली कायदा झाला. आजची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल 1965 च्या कायद्यावर उभी आहे. नोंदणी नसलेल्याने डॉक्टरकी केली तर तो गुन्हा ठरतो. समाजाने एका व्यवसायाला दिलेली ही मक्तेदारी आहे. तिच्या बदल्यात समाजाने एवढेच मागितले आहे, की अपात्र आणि बेपर्वा माणसाला तुम्ही स्वतःहून बाजूला करा.

पण बाजूला करणारे कोण? महाराष्ट्राच्या कौन्सिलवर नोंदणीकृत डॉक्टरांनी निवडून दिलेले 9 सदस्य असतात. निवडून यायला मते डॉक्टरांची लागतात, रुग्णाला मत नाही. सदस्य कितीही सरळ असला तरी या रचनेतला कल उघड आहे.

दिल्लीत वेगळा मार्ग धरला गेला. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांना 2010 मध्ये सीबीआयने लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली, कौन्सिल वटहुकुमाने बरखास्त झाली, आणि पुढे 2019 च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. निवडणूक जवळपास गेली, नियुक्ती आली. आयोगाच्या 33 जणांत कायदा, नीतिशास्त्र, अर्थशास्त्र, रुग्णहक्क अशा सगळ्या क्षेत्रांना मिळून जागा 3. व्यवसायाकडून सरकारकडे अधिकार गेले, रुग्ण होता तिथेच राहिला. मी याला सुधारणा मानत नाही.

त्याहून मोठी खोट या कायद्याच्या कलम 30 मध्ये आहे. राज्य कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध आयोगाच्या नीती मंडळाकडे अपील करण्याचा हक्क त्यात डॉक्टरला लिहिला आहे. रुग्णाचा उल्लेख नाही. जुन्या कौन्सिलच्या नियमांत 2004 पासून तक्रारदाराला 60 दिवसांत वर दाद मागता येत होती.

अपील कोणी करायचे, हाच प्रश्न वकिलांच्या बाबतीत मुंबईतूनच निघाला होता. एस्प्लनेड फौजदारी न्यायालयाच्या दाराशी काही वकील थांबतात, आलेल्या पक्षकाराकडे धावतात, वकीलपत्रासाठी आपसात ओढाताण आणि हाणामारीही करतात, असा आरोप होता. राज्याच्या बार कौन्सिलने त्यांना दोषी धरून सनदा निलंबित केल्या, बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना सोडले. राज्याची कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिचे स्वतःचे काय बिघडले, असा आक्षेप निघाला. 1975 मध्ये सात न्यायमूर्तींनी तो फेटाळला. व्यवसायाची शिस्त राखणे हे लोकहिताचे काम आहे, म्हणून कौन्सिलला अपिलाचा हक्क आहे, असे ठरले. ज्या न्यायाने संस्थेला दार उघडले, त्याच न्यायाने प्रत्यक्ष इजा झालेल्या माणसाला ते बंद कसे ठेवता येईल?

डॉक्टरांची चौकशी डॉक्टरांच्याच हाती ठेवण्याची इंग्लंडला भयंकर किंमत मोजावी लागली. हॅरॉल्ड शिपमन हा डॉक्टर 1976 मध्ये खोट्या चिठ्ठ्यांवर पेथिडीन हे अमली वेदनाशामक मिळवल्याबद्दल दोषी ठरला होता. जनरल मेडिकल कौन्सिलने ताकीद देऊन प्रकरण मिटवले. 2000 साली त्याच्यावर 15 रुग्णांच्या खुनाचे आरोप सिद्ध झाले. नंतरच्या चौकशीत बळींची संख्या 200 च्या वर गेली. कौन्सिल डॉक्टरांची बाजू सांभाळत राहिली, असा ठपका चौकशीने ठेवला. आज त्या कौन्सिलवर 12 सदस्य आहेत, 6 डॉक्टर आणि 6 डॉक्टर नसलेले. निकाल फारच सौम्य वाटला तर एक स्वतंत्र प्राधिकरण न्यायालयात जाऊ शकते.

बाहेरच्या माणसाला वैद्यक काय कळणार, ही आपल्याकडच्या डॉक्टरांची शंका मला अर्धी पटते. शस्त्रक्रियेचा निर्णय बरोबर होता का, हे शल्यविशारदच सांगू शकेल. खोट्या तक्रारींची त्यांची भीतीही खरी आहे. पण बऱ्याच तक्रारींचा गाभा तांत्रिक नसतो. संमती घेतली का, धोका सांगितला का, केस पेपरमध्ये नंतर खाडाखोड झाली का, हे शिक्षिकेला किंवा निवृत्त न्यायाधीशालाही कळते. केस पेपर रुग्णाला मिळालेच पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले. जुन्या कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत त्यासाठी 72 तासांची मुदत आहे. त्याच नियमांत तक्रारीचा निकाल 6 महिन्यांत लावण्याचे बंधनही आहे.

2022 च्या अखेरीस केंद्राने कायदादुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात रुग्णाच्या अपिलाची तरतूद होती. ती संसदेत आणावी. राज्याने आपल्या 1965 च्या कायद्यात डॉक्टर नसलेल्या सदस्यांच्या जागा निम्म्यापर्यंत न्याव्यात, आणि कौन्सिलने प्रत्येक तक्रारीचा कारणांसह निकाल रुग्णाचे नाव झाकून मराठीत प्रसिद्ध करावा. यातल्या शेवटच्या कामासाठी तर कोणाच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचीही गरज नाही.