हँक लुइसेटी : एका हाताचा नेमबाज

जुनी तीच रीत शुद्ध, हा आग्रह शास्त्रांत असतो तसा खेळांतही असतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत स्प्रिंगफील्ड येथें १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें पीच फळांच्या टोपल्या टांगून बास्केटबॉलचा खेळ सुरू केला. पुढें चाळीस वर्षें, पाय स्थिर ठेवून दोन्ही हातांनीं चेंडू टाकणें हेंच तेथील बहुतेक जाणत्यांस संमत होतें. ती रीत मोडणाऱ्या एका विद्यार्थ्याची हकीकत वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हँक लुइसेटी १९१६ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें एका इटालियन कुटुंबांत जन्मला. लहानपणीं पाय वांकडे असल्यानें त्यांस आधाराच्या पट्ट्या बांधाव्या लागत. थोराड सोबत्यांपुढें दोन हातांनीं चेंडू टाकणें जमेना, म्हणून धांवतां धांवतां एका हातानें तो टाकण्याची युक्ति त्यानें साधली. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील क्रीडाशिक्षक जॉन बन यांनीं ही संवय मोडली नाहीं. शिष्याची रीत आपल्या पोथींत नाहीं एवढ्यावरून तिला अशुद्ध न ठरविणें, हें आमच्या मतें थोर शिक्षकाचें लक्षण होय.

३० डिसेंबर १९३६ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें त्याची कसोटी लागली. लागोपाठ ४३ सामने जिंकलेल्या लाँग आयलंड विद्यापीठास स्टॅनफर्डनें ४५-३१ असें हरविलें. त्यांत लुइसेटीचे गुण १५ होते. १ जानेवारी १९३८ रोजीं ड्युकेन विद्यापीठाविरुद्ध तर त्यानें एकट्यानें ५० गुण मिळविले.

दैव मात्र अनुकूल नव्हतें. त्याच वर्षीं त्यानें एका चित्रपटांत काम केलें व त्याचें द्रव्य घेतलें, म्हणून हौशी खेळाडूंच्या संघटनेनें त्याला वर्षभर खेळण्यास बंदी केली. महायुद्धांत तो नौदलांत असतां १९४४ सालीं मेनिंजायटिसच्या दुखण्यानें त्याला गांठलें. प्राण वांचले, परंतु डॉक्टरांनीं खेळ कायमचा वर्ज्य केला. १९४६ सालीं धंदेवाईक खेळाडूंची मोठी संघटना उभी राहिली, तेव्हां अवघ्या तिशींतला हा वीर मैदानाबाहेर होता.

२००२ सालीं तो निवर्तला. एका हातानें चेंडू टाकणारे त्याच्या प्रांतांत दुसरेही होते. परंतु ती रीत देशभर मान्य झाली ती मुख्यतः त्याच्या पराक्रमानें. व्याकरणाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर अपवादाचाच उत्सर्ग झाला. आज तेथील कोणतेंही शाळकरी पोर चेंडू टाकतें तें त्याच रीतीनें, आणि ही रीत कधीं काळीं अशिष्ट होती याची त्याला वार्ताही नसते. खेळावयाचीं वर्षें ज्याच्या हातून गेलीं, त्यास याहून मोठें स्मारक कोणतें?