मोडीत निघालेल्या मोटारी आणि मौनाची किंमत

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्या वेळी शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या दारात मोटार असणे ही गावाने कौतुकाने सांगावी अशी गोष्ट होती. पाव शतकात हे चित्र पालटले. हळदीला बरा भाव मिळाला, वेतन आयोगाची थकबाकी हाती आली, किंवा वृद्ध आईवडिलांना वरचेवर नांदेडच्या दवाखान्यात न्यावे लागू लागले, की मध्यमवर्गीय कुटुंबात मोटारीचा विषय निघतो. नवी गाडी आवाक्याबाहेर असते; म्हणून जुनी पाहिली जाते. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ येथील रस्त्यांवर एमएच-३८ या स्थानिक क्रमांकाच्या जोडीने पुण्यामुंबईचे क्रमांक मिरवणाऱ्या मोटारी दिसतात, त्या बहुधा अशाच मार्गाने आलेल्या असतात. त्यांतील पुष्कळशा निर्दोष असतात. काहींच्या पूर्वायुष्यात मात्र एक प्रकरण असे असते की जे विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला विचारायचे सुचत नाही: विमा कंपनीच्या दप्तरी ती गाडी एकदा मेलेली असते.

बाजाराच्या भाषेत हिला ‘टोटल लॉसची गाडी’ म्हणतात. अशी गाडी स्वस्तात घेणे, ती दुरुस्त करणे आणि वापरणे अथवा विकणे यात मुळात गैर काही नाही. उलट, टाकाऊ ठरलेली वस्तू कामाला लावणे हा काटकसरीचा आणि कौशल्याचा व्यवहार आहे. गैर काय असेल तर त्या दुरुस्तीभोवती बाळगले जाणारे मौन. दुरुस्ती आणि लपवाछपवी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ओळखल्याशिवाय या प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

हिशेबातला मृत्यू

मोटार ‘मेली’ हे ठरवितो कोण आणि कसे? सर्वसाधारण समजूत अशी की चक्काचूर झालेली, पुन्हा उभी राहू न शकणारी गाडीच मोडीत काढली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार विम्याच्या अखिल भारतीय दरपत्रकाने गाडीचे ‘घोषित मूल्य’ ठरविण्याची रीत घालून दिली. कारखानदाराच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करावयाचा: दोन वर्षे उलटून तिसरे पूर्ण न झालेल्या गाडीस ३० टक्के, चार वर्षे उलटून पाचवे पूर्ण न झालेल्या गाडीस ५० टक्के. दुरुस्तीचा एकूण खर्च या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी संपूर्ण नुकसान झाल्याचे समजले जाते.

एक उदाहरण घेऊ. गाडीची किंमत ८ लाख रुपये आणि वय अडीच वर्षे असे समजा. घोषित मूल्य ५ लाख ६० हजार, आणि त्याचे ७५ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार. अपघातानंतर अधिकृत वर्कशॉपने ४ लाख ५० हजारांचा अंदाज दिला, तर गाडी मोडीत निघाली. विमा कंपनी मालकाला सक्तीची वजावट सोडून ५ लाख ६० हजार देणार आणि गाडीचा सांगाडा लिलावात विकणार. सांगाड्याला दीड लाख आले, तर कंपनीच्या पदरचे सुमारे ४ लाख १० हजार गेले. म्हणजे दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कमीच. तात्पर्य, या गाडीचा मृत्यू हा लोखंडाचा नसून हिशेबाचा आहे.

हाच हिशेब दुसऱ्या गावी वेगळे उत्तर देतो. अधिकृत वर्कशॉप तुटलेला भाग बदलून नवा बसविते आणि शहरातील मजुरी लावते. जिल्ह्याच्या गावातील डेंटर तोच पत्रा ठोकून सरळ करतो. दरवाजा, रेडिएटर, दिवे हे सुटे भाग मुंबईच्या कुर्ला भागातील जुन्या बाजारातून निम्म्याहून कमी किमतीत आणतो. आणि आठ-दहा दिवसांच्या कष्टांची मजुरी बेताचीच घेतो. वर्कशॉपमध्ये साडेचार लाखांना होणारे काम येथे पावणेदोन लाखांत होऊ शकते. या पावणेदोन लाखांत खपलेले हात, वाचलेले पोलाद आणि एका कुटुंबाला परवडलेली मोटार या तीन गोष्टी सामावलेल्या आहेत. १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने मोडीत काढावयाच्या वाहनांसंबंधीचे धोरण जाहीर केले, त्यानंतर भंगाराची चर्चा खूप झाली. डागडुजी करून जगविण्याची जी जुनी विद्या आपल्या गॅरेजांत आहे, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

दोन गाड्या, एक रंग

परंतु सगळी दुरुस्ती सारखी नसते. हल्लीच्या बहुतेक मोटारींना पूर्वीच्या जीपसारखी स्वतंत्र चासी नसते; संपूर्ण सांगाडाच भार वाहतो. धडक बसली की पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चेपून आघात गिळतो, आणि माणसे बसतात ती जागा शाबूत राहते. हा भाग मापाबाहेर वाकला असताना तो साखळीने ओढून, गॅसच्या ज्योतीने तापवून, वर लांबी भरून आणि रंग मारून सरळ केला, तर गाडी दिसते पूर्वीसारखी. पुढच्या धडकेत मात्र ती पूर्वीसारखी वागत नाही. भक्कम पोलाद नको तितके तापविले की त्याची ताकद उतरते, हे लोहाराच्या भात्याजवळ वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. एकदा फुटलेली एअरबॅग नव्याने बसविणे महागाचे काम. तेव्हा तिच्या जागी नुसते झाकण बसवून धोक्याचा दिवा गप्प करण्याची युक्ती काही ठिकाणी योजली जाते.

पुरात बुडालेल्या गाडीची कथा याहून फसवी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात तेच घडले. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंद्याने घरात शिरलेले पाणी स्वतः अनुभवले. बुडालेल्या मोटारीवर एकही ओरखडा नसतो. गालिचे वाळवले, आसने धुतली, अत्तर शिंपडले की ती नवी दिसते. दोष दडतो तो तारांच्या जोडांत, संगणकीय पेटीत आणि एअरबॅगच्या नियंत्रकात. गंज तेथे महिनोन्महिने काम करीत राहतो, आणि एखाद्या रात्री औंढ्याच्या घाटवळणावर दिवे एकाएकी विझतात.

ही तपासणी करील अशी सरकारी यंत्रणा मध्ये कोठेही उभी नाही. खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की ती १५ वर्षे चालते; त्या काळात तिची यांत्रिक तपासणी सक्तीची नसते. ‘पीयूसी’ धूर मोजते, चासीचा वाक मोजत नाही. तिसऱ्या वर्षी मोडलेली आणि जोडलेली गाडी पंधराव्या वर्षापर्यंत कोणीही न पाहता धावू शकते.

लिंबांचा बाजार

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधील प्रसिद्ध निबंध आठवेल. फसव्या जुन्या मोटारीस अमेरिकी बोलीत ‘लिंबू’ म्हणतात. त्या लिंबांच्या बाजाराचे विश्लेषण करून अकरलॉफ यांनी दाखविले की विकणाऱ्याला गाडीची खरी स्थिती ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयाची सरासरी किंमत देतो. मग चांगल्या गाडीच्या मालकाला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत राहते. या विचाराबद्दल त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वरच्या उदाहरणातली गाडी या कसोटीवर घासून पाहावी. दीड लाखाचा सांगाडा आणि पावणेदोन लाखांची दुरुस्ती मिळून ३ लाख २५ हजार. तशीच पण अपघात न झालेली गाडी बाजारात ५ लाखांना जाते असे धरू. दुरुस्त करणाऱ्याने इतिहास उघड सांगितला, कामाची बिले आणि छायाचित्रे दाखविली, तर ती कदाचित ४ लाखांना जाईल. त्यात ७५ हजारांचा रास्त नफा आहे. सांगितला नाही तर ५ लाख. मधले एक लाख ही कोणत्याही कौशल्याची मजुरी नव्हे. ती मौनाची किंमत आहे, आणि ती भरतो तो अजाण खरेदीदार. यात प्रामाणिक मिस्त्रीचेही नुकसान होते. त्याने केलेले चोख काम आणि शेजारच्याने लांबी भरून केलेले काम बाहेरून एकच दिसत असल्यामुळे त्याच्या कसबाला बाजार वेगळा भाव देत नाही.

कायदा या मौनाकडे कसा पाहतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम या बाबतीत उद्बोधक आहे. नुसते गप्प राहणे ही सामान्यतः फसवणूक नव्हे, असे ते कलम सांगते आणि उदाहरण देते ते घोड्याचे: लिलावात विकलेला घोडा सदोष आहे हे मालकाला ठाऊक असूनही तो बोलला नाही, तर ती फसवणूक ठरत नाही. मात्र त्याच कलमात पुढे असेही उदाहरण आहे की, ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ असे घेणाऱ्याने म्हटले आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या घोड्यात आजच्या खरेदीदारासाठी मोठा धडा आहे. प्रश्न विचारावा आणि तो लेखी विचारावा. ‘या गाडीवर संपूर्ण नुकसानीचा विमा दावा झालेला नाही’ असे एक वाक्य विक्रीच्या कागदावर लिहून घेतले, तर पुढे न्यायालयात उभे राहायला पायाखाली जमीन मिळते.

कागदाचा भाव

या व्यवहाराची आणखी एक बाजू अधिक काळोखी आहे. मोडीत निघालेला सांगाडा कधी नोंदणी रद्द करून विकला जातो, तर कधी आरसी पुस्तकासह. दोन्हींत लोखंड तेच; पण पुस्तक असलेल्या सांगाड्याला भाव कितीतरी जास्त. हा जादा भाव दुरुस्तीयोग्यतेचा असतो तसाच कागदाचाही असतो, आणि चोराला हवा असतो तो कागदच. त्याच बनावटीची, त्याच रंगाची गाडी चोरावयाची आणि तिच्यावर मेलेल्या गाडीचा चासी क्रमांक कोरावयाचा, की चोरीची मोटार कायदेशीर होते. जून २०२० मध्ये लखनौ पोलिसांनी याच पद्धतीने चालणारी मोठी टोळी उघडकीस आणली. अशा गाडीचा शेवटचा खरेदीदार पैसेही गमावतो आणि मोटारही.

मूळ मालकही सुरक्षित नसतो. दाव्याचे पैसे मिळण्याच्या घाईत तो कोऱ्या फॉर्मवर सह्या देतो आणि विषय संपला असे समजतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५० व्या कलमाप्रमाणे हस्तांतराची खबर विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. ती दिली नाही तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील निकालाने स्पष्ट झाले: गाडी एकामागून एक कितीही हातांत गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. हिंगोलीत चौथ्या हाती धावणाऱ्या गाडीची जबाबदारी पुण्यातील निवृत्त कारकुनाच्या माथी येऊ शकते ती अशी.

मुळाशी आहे ती दोन व्याख्यांतील फट. कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निरुपयोगी झाले तर मालकाने ते कळवून नोंदणी रद्द करावयाची. विम्याची व्याख्या मात्र खर्चाची आहे. विम्याच्या दृष्टीने मेलेली, कायद्याच्या दृष्टीने जिवंत अशी मोटार या फटीतून निसटते, आणि तिचा इतिहास मागे राहतो.

ब्रिटनने ही फट वर्गवारीने बुजविली. १ ऑक्टोबर २०१७ पासून तेथे मोडीत निघालेल्या मोटारींचे चार वर्ग आहेत: संपूर्ण नष्ट करावयाची, सांगाडा नष्ट करून सुटे भाग तेवढे वापरावयाचे, सांगाड्याला इजा झालेली पण दुरुस्त होणारी, आणि सांगाडा शाबूत असलेली. अमेरिकेतील अनेक राज्यांत मालकीच्या कागदावरच ‘मोडीत निघालेली’ व पुढे ‘पुन्हा बांधलेली’ असा शिक्का बसतो. तेथे अशा गाड्या विकल्या जातात, लोक त्या आनंदाने घेतात, आणि जाणूनबुजून कमी किमतीत घेतात.

भारतात हे अशक्य नाही. वाहनांची संगणकीय नोंदवही ‘वाहन’ देशभर चालते. विमा नियामकाने २००९ मध्ये उभे केलेले माहिती केंद्र दाव्यांची आकडेवारी गोळा करते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परवाना घेण्याचे नियम लागू झाले आहेत. या तीन टोकांना जोडणारा एक धागा तेवढा हवा: संपूर्ण नुकसानीचा दावा मंजूर होताच त्याची नोंद आरसी पुस्तकात आपोआप उमटावी, आणि दुरुस्तीनंतर परिवहन कार्यालयाच्या तपासणीखेरीज ती गाडी रस्त्यावर येऊ नये. या तपासणीला भरमसाट शुल्क वा हेलपाटे लावले तर मात्र व्यवहार पुन्हा अंधारात जाईल. म्हणून ती तालुक्याच्या गावी आणि माफक दरात झाली पाहिजे.

तोपर्यंत खरेदीदाराने स्वतःच पाहणी करावी. चासी क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा. मागील पॉलिसी आणि दाव्यांचा तपशील मागावा. आसनाचा पट्टा टोकापर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते बघावे. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझतो याची खात्री करावी. आणि ओळखीच्या मिस्त्रीला हजार-पाचशे रुपये देऊन गाडी खालून तपासून घ्यावी. चार लाखांच्या व्यवहारात हा खर्च नगण्य आहे. ज्या मिस्त्रीने गाडी मनापासून दुरुस्त केली असेल, त्याला या प्रश्नांची भीती वाटण्याचे कारण नाही. त्याच्या कामाला योग्य भाव मिळण्याचा मार्गही त्या प्रश्नांतूनच जातो.